अकरावा सेकंद

बाबा रोज सकाळी सहाला व्हिडिओ पाठवायचे.
पाइपाखाली आंघोळ करणारं हत्तीचं पिल्लू,
आईचा आवाज पहिल्यांदाच ऐकून थबकलेलं बाळ,
कुठल्याशा देशातला म्हातारा, गळ्याइतक्या पुरात
कुत्र्याला डोक्यावर घेऊन चाललेला.
खाली एकच शब्द : बघ.
कधी हसऱ्या चेहऱ्याऐवजी जोडलेले हात.
त्यांना ते दोन्ही सारखेच वाटत.

मी बघत नसे.
परळच्या लॅबमध्ये रात्रभर
लोकांच्या रक्ताला लेबलं लावल्यावर
सकाळी सहाला कोण बघतं हत्ती?
मी त्यांना म्यूट केलं होतं.
त्यांना कळलं नाही. किंवा कळलं असेल;
एकतीस वर्षं ते लिफ्टमन होते, फोर्टातल्या विमा कंपनीत.
कोण आपल्याशी बोलणार नाही
हे त्यांना माणूस आत यायच्या आधीच कळायचं.

मार्गशीर्षात गेले.
तेरावं झाल्यावर मी म्यूट काढलं,
जसं काही आता वाजणारच होतं.
न उघडलेले दोनशे चौदा.
रोज पाच, जेवणानंतर, औषधासारखे.
हत्तीला हसले. बाळापाशी रडले.
उशिरा का होईना, दोन्ही जमलं.

एकशे साठावा की एकसष्टावा :
माहीम, गोपी टँक मार्केट.
कोळणीच्या पाटीतून मांजर बोंबील पळवते.
कोळीण सुरी उगारते, मांजर थांबते,
मागे वळून असं बघते
की मांडून ठेव, पैसे नंतर.
एकोणीस सेकंद. बेचाळीस लाख लोकांनी पाहिलेले.

अकराव्या सेकंदाला, डावीकडे, निळ्या टबामागे
रेक्झिनची पिशवी घेतलेला एक माणूस.
किणी. मोरेश्वर किणी.
हसताहेत.
वरचे दात काढलेले, कवळी यायची होती,
घरात दोन महिने रुमाल धरून बोलत होते आमच्याशी,
आणि इथे, बेचाळीस लाखांसमोर,
उघडं, रिकामं, गुलाबी तोंड.

मग ते उजवीकडे वळतात,
काहीतरी म्हणतात.
आवाज नाही, वर कुणीतरी ढोलकी चिकटवलीय.
पण ब ला ओठ मिटतात
आणि घ ला जबडा सुटतो.
आरशासमोर मी करून पाहिलं.
दुसरा शब्द बसत नाही.

शेजारी कुणी नाही.
बर्फाची लादी, तिच्यावरून उठणारी वाफ.
बाराव्या सेकंदाला कॅमेरा मांजरीकडे.

आईला टीव्हीवर मोठा करून दाखवला.
मोठे केल्यावर बाबांचे नुसते चौकोन झाले.
आई म्हणाली, तो शर्ट मी बोहारणीला दिला गं.
मग म्हणाली, परत लाव.
भाऊ मस्कतहून विचारतो,
त्यांना ठाऊक होतं का, आपण यात आहोत ते?
काय सांगू. खाली नेहमीचाच शब्द.
नेहमीचेच हात.

एका रविवारी मार्केटात गेले.
फोन पुढे करताच सुगंधाबाई म्हणाल्या,
"मांजर ना? सगळे तेच इचारतात.
व्याली ती. आता येत नाय."
म्हटलं, मांजर नाही. हे.
त्यांनी ओला हात पदराला पुसला,
फोन डोळ्यांपासून लांब धरला.
"हा होय! पाव किलो मांदेली.
रोज यायचा, घेवो न घेवो,
मुंडकी मागून तिला घालायचा.
अगो, यानंच चटावली ती!
माझं नुकसान कोण देणार?"

त्या हसत होत्या. मीही.
पाव किलो मांदेली घेतली.
त्यांनी न मागता
मुंडकी वेगळ्या पिशवीत बांधून दिली.
माझ्याकडे मांजर नाही
हे मी सांगितलं नाही.